बेशरम काढली, आता तळ्यात काय लावाल?

पहिल्या वर्षी आम्ही बेशरम, म्हणजे तळ्याकाठी माजणारं ते झुडूप, कोयत्यानं छाटली आणि ढीग काठावरच टाकून घरी गेलो. पाऊस पडला तशी ढिगातली कांडी न् कांडी फुटली. सासरे म्हणाले, "नावाला जागली गं!"

तेव्हा मे महिन्यात पाणी आटलं की कुदळीनं मुळासकट खणा. कांड्या पाळीबाहेर, म्हणजे तलावाच्या बांधापलीकडं, कोरड्या पडीत नेऊन वाळवा, मग जाळा. ओल्या गाळात वीतभर तुकडा राहिला तरी रुजतो. शेळ्या जवळ येऊ देऊ नका; या पाल्याची चटक लागली की जनावर खंगत जातं.

तळ मृगाआधी नांगरून घ्या. जेसीबीनं खरडून मात्र नका घेऊ. शेजारच्या गावी एका ठेकेदारानं तसं केलं आणि गाळाबरोबर कंद-बियाही गेल्या. पूर्वी तलाव मालगुजारांचे, म्हणजे गावच्या जमीनदारांचे; ती मालगुजारी १९५० च्या कायद्यानं गेली, तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून गाळ काढायचा तर ठेकेदारच येतो. आम्हा ढिवरांना, तलावावर मासेमारी करणाऱ्यांना, कोणी विचारत नाही.

लावणी जुलै-ऑगस्टात, पाणी चढत असताना. रोपं बेशरम नसलेल्या तलावातून आणायची, तीही जागा उघडी पडणार नाही इतकीच. कुठं काय लावायचं ते पाणी ठरवतं. खोलात चिला आणि चिऊल या पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती: जुडीच्या मुळाशी चिखलाचा गोळा बांधून डोंग्यातून सोडा, आपोआप तळाशी बसते. देशी मासोळी याच झुडपात अंडी घालते, पिल्लं याच्याच आडोशानं वाढतात. कंबरभर पाण्यात कमळ. काठाच्या उथळ चिखलात गाद (कंद धरणारं पाणगवत) आणि देवधान (रानभात), भात रोवतो तसंच रोवा. गादीचे कंद सारस उकरून खातो. देवधान आमच्याकडं ऋषिपंचमीला लागतं, नांगर न लावता उगवलेलं म्हणून.

मत्स्यबीज सोडताना ग्रासकार्प घेऊ नका. वर्षभराची लावणी तो फस्त करतो.

वरच्या अंगाला, जिथं पावसाळ्यात पाणी चढतं आणि मग ओसरतं, तिथं अर्जुन, करंज, जांभूळ लावा. जांभळाची बी ताजीच पेरा, वाळली की उगवत नाही. अर्जुनाची दोन दिवस भिजवा.

पोळा झाला की मी डोंगा घेऊन काठाकाठानं फिरते. बेशरमची कांडी दिसली की उपटून डोंग्यातच टाकते, पाण्यात नाही.