पावसात ॲमस्टरडॅम ते हायडेलबर्ग: रेल्वेप्रवासातल्या या चुका टाळा

पावसामुळे युरोपातली रेल्वे सहसा बंद पडत नाही, ती रखडते. झाडाची फांदी ओव्हरहेड वायरवर पडते किंवा सिग्नल बिघडतो, आणि मागच्या गाड्यांची रांग लागते. सकाळी ॲमस्टरडॅम सोडायचं, जर्मनीत कोलोनला कॅथेड्रल बघायचं, संध्याकाळी मानहाइमला गाडी बदलून हायडेलबर्ग गाठायचं, असा बेत कोरड्या दिवशी आरामात जमतो. पावसात तो फसतो, आणि त्याचं मूळ बहुतेकदा तिकीट काढतानाच्या चुकीत असतं.

तुकड्यातुकड्यांनी काढलेली तिकिटं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. चार-पाच युरो वाचतात म्हणून एक तिकीट एका साइटवर आणि पुढचं दुसऱ्या साइटवर काढलं, की दोन्ही प्रवास स्वतंत्र धरले जातात. पहिली गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली आणि पुढची निघून गेली, तर पुढच्या तिकिटाच्या हिशेबाने उशीर तुम्ही केलेला असतो. स्वस्तातलं तिकीट असेल तर ते तिथेच वाया जातं. अख्खा प्रवास एकाच बुकिंगवर, एकच तिकीट म्हणून असेल तर चुकलेल्या पुढच्या गाडीची जबाबदारी रेल्वेवर येते. कोलोनला तीन तास थांबायचं असेल तरी तिकीट तोडू नका. जर्मन रेल्वेच्या डीबी नॅव्हिगेटर ॲपमध्ये मधलं स्टेशन आणि तिथला थांबण्याचा वेळ टाकता येतो.

ॲप आठ-दहा मिनिटांत गाडी बदलण्याचा पर्यायही दाखवतं. पावसाळी दिवशी तो घेऊ नका, निदान अर्धा तास ठेवा. शेवटची गाडी तर कधीच गृहीत धरू नका.

घाईने दुसऱ्याच गाडीत चढणं

‘श्पारप्राइस’ हे सवलतीचं तिकीट ठरलेल्या गाडीलाच बांधलेलं असतं. बोर्डावर दहा मिनिटांचा उशीर दिसला म्हणून आधीच्या आयसीईत (जर्मन रेल्वेच्या वेगवान गाडीत) चढलात, तर तपासनीस नवीन तिकीट काढायला लावू शकतो. तुमच्या उतरायच्या शेवटच्या स्टेशनवर 20 मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं, की जर्मनीत हे बंधन सुटतं. ॲपमध्ये तिकिटाखाली ‘झूगबिंडुंग आउफगेहोबन’ (गाडीचं बंधन उठवलं) असं दिसलं की खुशाल दुसरी गाडी धरा. त्याचा स्क्रीनशॉट मात्र ठेवा, नंतर भरपाईचा अर्ज करताना उपयोगी पडतो.

उशीर तासाभराचा होणार असेल, तर प्रवास रद्द करून पैसे परत मागता येतात. प्रवास पूर्ण केलात, तर युरोपीय संघाच्या जून 2023 पासून लागू असलेल्या नियमांनुसार 60 ते 119 मिनिटांच्या उशिराला भाड्याच्या 25 टक्के आणि त्यापुढे 50 टक्के भरपाई मिळते. अर्ज तीन महिन्यांच्या आत करायचा. ‘पाऊस होता, आता काय मिळणार’ असं म्हणून बरेच जण तो करतच नाहीत. भरपाई नाकारता येते ती असाधारण हवामानात. ऋतूतला नेहमीचा पाऊस किंवा शरद ऋतूतलं वादळ त्यात धरलेलं नाही.

कोलोन म्हणजे एकच स्टेशन, हा समज

काही आयसीई मुख्य स्टेशनवर येतच नाहीत. त्या राइन नदीपलीकडच्या कोलोन मेसे/डॉइट्झला थांबतात, त्यातल्या काही तर खालच्या पातळीवरच्या 11 आणि 12 क्रमांकाच्या प्लॅटफॉर्मवर. कॅथेड्रलपासून तिथे पुलावरून चालत जाता येतं, पण पाऊस आडवा मारत असताना बॅगा घेऊन तो पूल ओलांडण्यात शहाणपण नाही. मुख्य स्टेशनवरून एस-बान (लोकल गाडी) धरा, पुढचंच स्टेशन डॉइट्झ. गाडी ऐनवेळी एका स्टेशनवरून दुसऱ्यावर हलवली जाऊ शकते, म्हणून निघण्याआधी स्टेशनचं नाव पुन्हा वाचा.

प्लॅटफॉर्मच्या टोकाला भिजत उभं राहणं

आठ डब्यांची आयसीई साधारण 200 मीटर लांब, दोन जोडलेल्या असतील तर 400. टोकाच्या भागावर अनेक ठिकाणी छप्पर नसतं. आपला डबा प्लॅटफॉर्मवरच्या कोणत्या अक्षरासमोर येणार ते ॲपमध्ये पाहा आणि त्याच्या जवळच्या छपराखाली थांबा. डब्यांचा क्रम कधीकधी उलटा येतो. तसं झालं तर मिळेल त्या दारातून चढा आणि आतून चाला, पण एक अडचण आहे: जोडलेल्या दोन गाड्यांमधून आरपार जाता येत नाही. त्यामुळे निदान आपल्या अर्ध्या गाडीत तरी चढा. गाडी सुटल्यापासून 15 मिनिटांत जागेवर बसला नाहीत, तर आरक्षणाचा हक्क जातो.

ओली बॅग, आत पासपोर्ट

जर्मनीने सप्टेंबर 2024 मध्ये सगळ्या भूसीमांवर तपासणी सुरू केली. नेदरलँड्सहून येणाऱ्या गाडीत पोलीस चढू शकतात, त्यांना मूळ पासपोर्ट लागतो, फोनमधला फोटो चालत नाही. तो झिपच्या प्लास्टिक पिशवीत, अंगावरच्या खिशात ठेवा. निथळणारी बॅग वरच्या रॅकवर चढवू नका, खालच्या प्रवाशाच्या डोक्यावर पाणी ठिबकतं.

आणखी एक चूक खास आपल्या लोकांची. युरोपातलं सिम घेतल्यावर भारतीय सिम काढून ठेवायचं. गाडी चुकली, ऐनवेळी नवीन तिकीट काढायला गेलात, की बँकेचा ओटीपी त्याच भारतीय नंबरवर येतो. ते सिम फोनमध्ये राहू द्या, एसएमएसपुरतं रोमिंग निघण्याआधी चालू करून घ्या, आणि डेटा मात्र त्यावर बंद ठेवा.