भिलारला जाताना यादी नेऊ नका

पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं हे स्ट्रॉबेरीचं गाव. २०१७ पासून इथल्या काही घरांत पुस्तकं मांडलीत; एकेका घरात एकेक प्रकार. कुठे कादंबऱ्या, कुठे चरित्रं. बसून वाचायला पैसे पडत नाहीत.

पहिल्या खेपेला मी पुस्तकांची यादी नेली, दिवस शोधण्यातच गेला. आता नातीला बालसाहित्याच्या घरी बसवते आणि स्वतः मुद्दाम नावडत्या प्रकारात शिरते. पुस्तक मधूनच उघडायचं, दोन पानं वाचायची. तिसरं पान आपोआप उलटलं, तर नाव वहीत. घरमालकांना विचारा, "लोक इथे कशात रमतात?" आमच्या ह्यांनी असंच विचारून प्रवासवर्णन मिळवलं, आणि चहा गार केला. वहीतली नावं मग आपल्या वाचनालयात मागायची.