मुष्टियुद्धपटाचा पुढचा भाग लिहिताना या चुका टाळा

मुष्टियुद्धाच्या चित्रपटाचा पुढचा भाग लिहायला बसलेल्या पटकथाकाराची अडचण पहिल्याच पानावर उभी राहते, कारण गोष्ट एकदा सांगून झालेली असते. नायकाने मार खाल्लेला असतो, शेवटच्या फेरीपर्यंत तग धरलेला असतो आणि प्रेक्षक समाधानाने घरी गेलेले असतात. त्याच माणसाला पुन्हा त्याच दोरांच्या आत कशासाठी आणायचे, या प्रश्नाचे उत्तर तिकीटबारीने देऊन भागत नाही. १९७६ साली आलेल्या ‘रॉकी’पासून २०२३ सालच्या ‘क्रीड ३’पर्यंत या एकाच घराण्यात नऊ चित्रपट झाले. अभ्यासाला यापेक्षा सोयीचे घराणे नाही, कारण पुढच्या भागात होऊ शकणारी जवळजवळ प्रत्येक चूक यातल्या कोणत्या ना कोणत्या भागात झालेली आहे आणि त्यांतल्या बऱ्याच चुका नंतरच्या भागांत दुरुस्तही झालेल्या आहेत. या लेखाचा मुख्य दाखला २०१८ सालचा ‘क्रीड २’ आहे. तो निर्दोष नाही. पण आधीच्या चित्रपटांचे नाव राखणारा पुढचा भाग कसा उभा करावा, हे त्याच्याइतके स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही, असे माझे मत आहे.

प्रतिस्पर्ध्याची उंची वाढवत नेणे

पुढचा भाग फसत चालल्याचे पहिले लक्षण असे, की नायकासमोरचा माणूस मागच्या भागातल्यापेक्षा अधिक धिप्पाड आणि अधिक अबोल होतो. मूळ ‘रॉकी’तला अपोलो क्रीड हा बोलघेवडा आणि व्यवहारचतुर विजेता होता. अमेरिकेच्या द्विशताब्दीच्या वर्षात फिलाडेल्फियातल्या रॉकी बाल्बोआ या अनोळखी मुष्टियोद्ध्याला किताबासाठी लढण्याची संधी द्यावी, ही कल्पनाही त्याचीच. त्याला गर्व होता, पण डोकेही होते, म्हणूनच त्याच्याशी झालेली झुंज दोन माणसांमधली वाटते. १९८२ सालच्या तिसऱ्या भागात क्लबर लँग आला; त्याच्यापाशी राग होता आणि भूक होती. १९८५ सालच्या चौथ्या भागात इव्हान ड्रॅगो आला, तेव्हा तर यंत्रावर ठोशाची ताकद मोजून दाखवावी लागली आणि प्रतिस्पर्ध्याच्या वाट्याला मोजकी चार-दोन वाक्ये उरली. त्यानंतर शिडीला पायरीच राहिली नाही. पाचव्या भागाने रॉकीच्याच हाताखाली तयार झालेला टॉमी गन त्याच्यावर उलटवला, ही कल्पना वाईट नव्हती. पण शेवट रस्त्यावरच्या मारामारीत झाला आणि पुढची सोळा वर्षे मालिका थांबली.

या दुखण्यावरचा उपाय सांगायला सोपा आणि लिहायला कठीण आहे. प्रतिस्पर्धी मोठा करण्याऐवजी आधीच्या भागात कोणाचे काय देणे राहिले आहे, ते शोधावे. मागची बाकी सापडली, तर प्रतिस्पर्धी आपोआप उभा राहतो. ती सापडली नाही, तर कितीही उंच माणूस आणला तरी तो नुसता पुतळा ठरतो.

‘क्रीड २’ने शोधलेली बाकी एका पांढऱ्या टॉवेलची आहे. चौथ्या भागात लास वेगासमधल्या प्रदर्शनी सामन्यात ड्रॅगो अपोलोला झोडपत असतो. फेऱ्यांच्या मधल्या विश्रांतीत अपोलोने रॉकीला बजावलेले असते, की काहीही झाले तरी सामना थांबवायचा नाही. दुसऱ्या फेरीत रॉकीच्या हातात टॉवेल आहे, बाजूने ओरडा चालू आहे आणि तो टाकू की नको या पेचात अडकलेला आहे. टॉवेल रिंगमध्ये पडणे म्हणजे आपल्या मुष्टियोद्ध्याच्या वतीने त्याच्या कोपऱ्याने हार पत्करणे. रॉकी ती वेळेवर पत्करत नाही आणि अपोलो मरतो. त्या चित्रपटाने या क्षणाचा उपयोग पुढच्या सूडासाठी करून घेतला आणि तो पुढे निघून गेला. रॉकीने मॉस्कोत जिंकून हिशेब चुकता केला, असा समज करून प्रेक्षकही घरी गेले.

तेहतीस वर्षांनी पटकथाकारांनी तोच टॉवेल उचलला, पण दुसऱ्याच्या हातात दिला. मॉस्कोतल्या शेवटच्या सामन्यात इव्हानचा मुलगा व्हिक्टर अपोलोच्या मुलासमोर, म्हणजे नायक अडोनिस क्रीडसमोर, हरायला लागतो. बाप हरल्यावर त्याला सोडून गेलेली आणि आता मुलगा जिंकतोय म्हणून परत आलेली आई, लुडमिला, खुर्चीवरून उठून चालू लागते. रिकाम्या खुर्चीकडे पाहून मुलाचे उरलेसुरले बळही संपते, तरी तो उभा राहून ठोसे खात राहतो, कारण त्याला दुसरे काही शिकवलेलेच नसते. इथे इव्हान टॉवेल टाकतो आणि मुलाला जवळ घेतो. जो माणूस १९८५ साली केवळ यंत्र होता, तो या एका हालचालीने बाप होतो. आणि रॉकीला जे जमले नाही, ते त्याच्या शत्रूला जमते. अडोनिस क्रीडच्या विजयापेक्षा हा क्षण अधिक लक्षात राहतो. कोणाच्या बाजूने बघायचे, याचा प्रेक्षकाचा हिशेबच तिथे चुकतो, आणि पटकथेला नेमके तेच साधायचे असते.

असा प्रसंग शेवटी अचानक आणून चालत नाही. त्याची पेरणी आधी करावी लागते. ‘क्रीड २’ची सुरुवात नायकापासून होत नाही, ती युक्रेनमधल्या ड्रॅगो पितापुत्रांच्या रुक्ष घरापासून होते. पुढे इव्हान रॉकीच्या उपाहारगृहात येऊन त्याच्यासमोर बसतो. भिंतीवर जुन्या सामन्यांची छायाचित्रे लावलेली आहेत. त्यांत आपले एकही नाही, हे तो सहज बोलावे तसे बोलून दाखवतो आणि रॉकीही तितक्याच शांतपणे त्याला दुजोरा देतो. आवाज न चढवता दोन म्हाताऱ्यांमध्ये घडलेला हा प्रसंग कोणत्याही ठोशापेक्षा जड आहे. तुमच्या पटकथेत प्रतिस्पर्ध्याचे घर, त्याचे जेवणाचे टेबल किंवा त्याची रिकामी भिंत एकदाही दिसत नसेल, तर दुरुस्ती तिथून सुरू करावी.

जिंकणे म्हणजेच शेवट असे समजणे

मूळ चित्रपटात रॉकी हरतो. परीक्षकांचा कौल विभागून येतो, अपोलो किताब राखतो आणि तरीही चित्रपट विजयाचा वाटतो, कारण रॉकीने स्वतःपुढे ठेवलेला प्रश्न जिंकण्याचा नव्हताच. पंधरा फेऱ्या उभे राहण्याचा होता. ही कल्पना हवेतून आलेली नव्हती. २४ मार्च १९७५ रोजी ओहायो राज्यात चक वेपनर हा फारसा कोणाच्या खिजगणतीत नसलेला मुष्टियोद्धा मुहम्मद अलीसमोर पंधराव्या फेरीपर्यंत टिकला आणि सामना संपायला काही सेकंद असताना पडला. रॉकीची भूमिका करणाऱ्या आणि पटकथाही लिहिणाऱ्या सिल्व्हेस्टर स्टॅलनला ठिणगी तिथे मिळाली. २००६ सालच्या ‘रॉकी बाल्बोआ’त आणि २०१५ सालच्या ‘क्रीड’मध्येही नायक विभागलेल्या कौलाने हरतो. या तिन्ही पराभवांत प्रेक्षकाला फसवले गेल्यासारखे वाटत नाही.

यावरून नायकाला हरवले की काम भागते, असा निष्कर्ष काढणे ही उलट्या बाजूची चूक होय. ‘क्रीड २’त अडोनिस जिंकतो आणि त्याने जिंकणेच योग्य ठरते, कारण वडिलांचा सूड घ्यायचा म्हणून घाईने स्वीकारलेल्या पहिल्या सामन्यात त्याचा किताब केवळ तांत्रिक कारणाने वाचलेला असतो: तो गुडघ्यावर असताना व्हिक्टर ठोसा मारतो आणि बाद ठरवला जातो. पट्टा कमरेला आहे, पण तो आपण जिंकलेला नाही, हे त्याला ठाऊक असते. पटकथा लिहिताना निकाल ठरवण्याआधी नायकाने स्वतःला विचारलेला प्रश्न एका वाक्यात लिहून पाहावा. ते वाक्य जमत नसेल, तर निकाल कोणताही दिला तरी तो पोकळ वाटेल.

‘क्रीड २’ची खोट इथेच सांगून टाकायला हवी. आधी मार खाणे, मग एकांतात नव्याने घडणे आणि परतीच्या सामन्यात जिंकणे हा त्याचा सांगाडा सरळसरळ तिसऱ्या भागातला आहे आणि मधला अर्धा तास पुढे काय होणार ते ओळखता येते. प्रसंग सशक्त असले की जुना सांगाडा खपून जातो, एवढाच त्याचा बचाव.

सरावाची दृश्ये कर्तव्य म्हणून घालणे

बिल काँटी यांच्या संगीतावर फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या बहात्तर पायऱ्या चढून जाणारा रॉकी इतका प्रसिद्ध झाला, की त्यानंतर प्रत्येक भागात पायऱ्या, दोरीउड्या आणि घाम यांची माळ आलीच पाहिजे, असे वाटू लागले. चौथा भाग जेमतेम दीड तासाचा आणि त्यात अशा माळा इतक्या, की गोष्टीला श्वास घ्यायला जागा उरत नाही. खरे पाहता पहिल्या भागातली ती धाव परिणाम करते, कारण त्याआधी तोच माणूस पहाटेच्या अंधारात पोटात दुखते म्हणून कमरेवर हात ठेवून त्याच पायऱ्या कशाबशा चढलेला दिसतो. चढणे दोनदा आहे, म्हणून दुसरे चढणे अर्थपूर्ण आहे.

दिग्दर्शक रायन कूगलर यांनी ‘क्रीड’मध्ये याची फोड छान केली. अडोनिस पायऱ्यांकडे न जाता उत्तर फिलाडेल्फियातल्या रस्त्यांवर मोटरसायकलवाल्या पोरांच्या गराड्यात धावतो, आणि आजारी, म्हातारा रॉकी शेवटी त्याच्या आधाराने पायऱ्या चढतो. संगीतकार लुडविग योरानसन यांनीही जुनी ओळखीची धून अखेरच्या फेरीपर्यंत रोखून धरली. पुढचा भाग लिहिताना जुने संगीत पहिल्या वीस मिनिटांतच वाजत असेल, तर वारसा दाखवण्याची घाई झाली आहे असे समजावे. ‘क्रीड २’ अडोनिसला वाळवंटात नेतो. तिथे ना जुने शहर, ना जुन्या पायऱ्या. त्या दृश्यांची लांबी थोडी जास्त झाली असली, तरी नवी जागा शोधण्याचा विचार बरोबर आहे.

सगळ्या झुंजी एकाच नजरेने दाखवणे

पुढच्या भागात झुंजी वाढतात आणि त्या एकमेकींसारख्या दिसू लागतात. ‘क्रीड’मध्ये छायाचित्रकार मरीस अल्बर्टी यांनी एक संपूर्ण सामना न तोडता एकाच शॉटमध्ये टिपला आहे. दोन फेऱ्या आणि मधली विश्रांती यांत कॅमेरा दोघांभोवती फिरतो, घंटा वाजल्यावर कोपऱ्यात रॉकीच्या शेजारी येऊन थांबतो आणि पुन्हा आत शिरतो. कात्री न लागल्याने प्रत्येक ठोशाचे अंतर आणि थकवा कळतो. पण त्याच चित्रपटात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवरचा अखेरचा सामना वेगळ्या पद्धतीने, तुकड्यातुकड्यांत चित्रित केला आहे. तीच करामत पुन्हा वापरली असती, तर ती केवळ करामत ठरली असती. ‘क्रीड ३’त अडोनिसची भूमिका करणारे आणि या भागाचे दिग्दर्शकही असलेले मायकेल बी. जॉर्डन यांनी शेवटच्या सामन्यात प्रेक्षकच नाहीसे करून दोघांना रिकाम्या जागेत उभे केले. काहींना ते अति वाटते. मला ते त्या वैराच्या स्वभावाला धरून वाटते, कारण तिथली बाकी दोन बालमित्रांची आहे आणि स्टेडियमचा तिच्याशी संबंध नाही.

खऱ्या मुष्टियोद्ध्यांना पडद्यावर आणल्याने झुंजीला वजन येते, हेही अर्धेच खरे. अँटोनियो टार्व्हर, टोनी बेल्यू आणि आंद्रे वॉर्ड यांच्या पायांची हालचाल पाहताना ती खोटी वाटत नाही. पण पाचव्या भागात टॉमी गन झालेला टॉमी मॉरिसन हाही खरा मुष्टियोद्धा होता, इतका की १९९३ साली त्याने जॉर्ज फोरमनला हरवले. तरीही भूमिकाच उथळ असल्यावर त्याचे खरेपण कामी आले नाही.

मागच्या भागांची टिपणे न ठेवणे

ही चूक हास्यास्पद वाटते, पण मोठ्यांच्या हातूनही होते. चौथ्या भागात रॉकी मॉस्कोत लढत असताना त्याचा मुलगा लहान आहे. पाचव्या भागात रॉकी तिथूनच परत येतो, तर मुलगा एकदम किशोरवयात पोचलेला असतो. त्याच पाचव्या भागात डॉक्टर रॉकीच्या मेंदूला इजा झाल्याचे सांगतात आणि त्याने पुन्हा लढणे अशक्य ठरते; ‘रॉकी बाल्बोआ’त मात्र त्याचा उल्लेखही न होता त्याला परवाना मिळतो. दहा फेऱ्यांचा तो सामना इतका मनापासून लिहिला आहे, की बहुतेक प्रेक्षक हे विसरतात, पण त्यावर विसंबून राहू नये. पात्रांची वये, जुन्या दुखापती, वजनगट आणि कोणाचा कोणाशी शेवटचा संवाद काय झाला, याची एक यादी पटकथा सुरू करण्याआधी करावी. फेऱ्यांची संख्यासुद्धा त्यात असावी, कारण १९७६ सालचा किताबाचा सामना पंधरा फेऱ्यांचा होता आणि आजचा बारांचा असतो.

याच यादीत न आलेल्या माणसांसाठीही एक रकाना ठेवावा. ‘क्रीड २’च्या शेवटी रॉकी स्वतःहून रिंगबाहेर थांबतो, अडोनिसला आता तुझी वेळ आहे असे सांगतो आणि दुरावलेल्या मुलाच्या दारावर जाऊन नातवाला पहिल्यांदा भेटतो, म्हणजे त्याला निरोप मिळतो. ‘क्रीड ३’त तो येत नाही आणि त्याच्या न येण्याचे कारणही चित्रपट देत नाही. दोन-चार वाक्यांत भागले असते, पण ती लिहिली गेली नाहीत आणि डोजर स्टेडियमवरच्या अखेरच्या सामन्यात अडोनिसच्या कोपऱ्याकडे पाहताना ती उणीव जाणवत राहते.