नाथसागरावर पक्षी पाहायचे तर आधी पाणी बघा

नाथसागर म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय. तो सुमारे ५५ किलोमीटर लांब आणि २७ किलोमीटर रुंद आहे, पण उथळ. पाणी फूटभर उतरलं तरी काठ बराच आत सरकतो आणि पक्षीही त्याच्यामागे जातात. त्यामुळे गेल्या हिवाळ्यातली जागा यंदा चालेलच असं नाही. निघण्याआधी जायकवाडीच्या साठ्याची टक्केवारी बातम्यांत बघा. धरण समुद्रसपाटीपासून १५२२ फुटांपर्यंत तुडुंब असेल, तर रोहितला (फ्लेमिंगोला) पाय टेकवून चरण्याजोगं पाणी फार कमी उरतं. अशा वर्षी रोहितसाठी डिसेंबरात धावाधाव नको, फेब्रुवारी-मार्च धरा. बदकं मात्र नोव्हेंबरअखेरपासून भेटतात.

पैठणला धरणाच्या भिंतीवरून पाणी छान दिसतं, पण तिथं ते खोल असतं. चिखलात चरणारे पक्षी हवेत तर फुगवट्याचा, म्हणजे धरणामागे पसरलेल्या उथळ पाण्याचा काठ गाठा. सकाळी पैठणच्या बाजूने, म्हणजे ऊन पाठीशी आणि नजर पश्चिमेला. संध्याकाळी कायगाव टोक्याच्या बाजूने पूर्वेकडे बघा. उन्हाकडे तोंड करून पाहिलं तर तलवार बदक काय आणि थापट्या बदक काय, सगळे काळेच दिसतात. दहानंतर पाण्यावर झळा लागतात, मग महागडी दुर्बीणही उपयोगाची नाही. ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिमी भिंगाची दुर्बीण पुरते. लांबच्या थव्यांसाठी तिकाटण्यावरची (ट्रायपॉडवरची) दूरदर्शक हवी.

काठ एकदम न्याहाळू नका, पट्ट्यापट्ट्याने बघा. ओल्या चिखलावर तुतवार आणि चिखल्या, घोटाभर पाण्यात शेकाट्या, त्यापुढे चित्रबलाक आणि रोहित, खोल पाण्यात वारकरी (कूट) पक्षी. पायाची लांबी पाहिली की पक्षी कुठं सापडेल ते कळतं. रोहित चोच उलटी करून पाणी गाळतो. थव्यात राखाडी पक्षी दिसले तर ती पिल्लं, वेगळी जात नव्हे. मिटलेल्या चोचीत फट दिसली तर उघड्या चोचीचा करकोचा. डोक्यामागे दोन काळे पट्टे असतील तर पट्टकदंब हंस. तो दुपारी काठावर विसावतो आणि सांज-सकाळ हरभऱ्या-गव्हात चरतो, म्हणून भर दुपारी शेतं धुंडाळू नका.

सगळ्यात जास्त चुका जवळ जाताना होतात. थव्याच्या रोखाने सरळ चालू नका, तिरकं चाला, मध्येमध्ये थांबा. पांढरा शर्ट नको, मातकट कपडे घाला. पक्ष्यांनी चरणं सोडून माना वर केल्या की तिथंच थांबा. ते चालत दूर जायला लागले तर दहा पावलं मागे या. उडालेला थवा त्या दिवशी पुन्हा तिथं उतरेलच असं नाही, आणि लांबून आलेल्या पक्ष्याची ती ताकद वाया जाते.

काळ्या मातीचा चिखल वरून भेगाळलेला, कोरडा दिसतो, पण खाली गुडघाभर ओला असतो. काठी टोचून बघा. जिथं गुरांच्या खुरांचे ठसे नाहीत तिथं पाऊल टाकूच नका. पाणी उतरून उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर, म्हणजे गाळात पेरलेलं पीक असेल तर बांधानेच चाला आणि शेतकऱ्याला विचारून पुढे जा. कोणता थवा रोज कुठं उतरतो, हे त्यालाच ठाऊक असतं. १९८६ पासून हे अभयारण्य आहे. ड्रोन उडवणं आणि मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवणं टाळा.

मार्चनंतर टिटव्या आणि नदी सुरय उघड्या जमिनीवर अंडी घालतात. ती खड्यांसारखीच दिसतात. पक्षी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागला तर पुढचं पाऊल टाकू नका, आपल्याच ठशांवर पाय ठेवत आल्या वाटेने परत फिरा.