आईला किंवा बाबांना मधुमेह, आता मुलालाही: या चुका टाळा

घरात आधीच मधुमेहाचा पेशंट असेल तर मुलाचा मधुमेह चटकन लक्षात येत असेल, असं कुणालाही वाटेल. घरच्यांना इन्सुलिन शिकवणं हे माझं रोजचं काम, आणि मला बरेचदा याच्या उलट दिसतं. 'यातलं मला सगळं कळतं' या भरवशावर दिवस वाया जातात.

'उद्या उपाशीपोटी बघू'

या वाक्याचा मला मनापासून राग येतो. एक वडील, टाइप २ चे, बरीच वर्षं गोळ्यांवर. मुलगी सारखी पाणी मागायची, रात्री लघवीला उठायची, मोडलेली सवय परत येऊन अंथरूण ओलं व्हायला लागलं, कपडे सैल झाले. त्यांनी स्वतःच्याच मीटरवर तिचं बोट टोचलं. आकडा आला ३४०. 'जेवणानंतरची आहे, माझीही कधी कधी जाते तेवढी,' म्हणून गोड बंद केलं. सकाळची जरा कमी आली, तेव्हा आणखी थांबले. मग उलट्या आणि पोटदुखी सुरू झाली, तर पोट बिघडल्याचं औषध दिलं. ती खोल आणि भराभर श्वास घ्यायला लागली तेव्हा कुठे दवाखाना गाठला, आणि तिथून थेट आयसीयू. डीकेए, म्हणजे डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस, झाला होता. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळत सुटतं, त्यातून तयार होणारे केटोन साठतात आणि रक्तातलं आम्ल वाढत जातं. मुलगी वाचली. पण हे सगळं पहिल्या आकड्याच्या दिवशीच टळलं असतं.

वडिलांच्या शरीरात थोडंफार इन्सुलिन तयार होत होतं. मुलीला मात्र टाइप १ होता, आणि त्यात स्वतःचीच प्रतिकारशक्ती इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. तिथे पथ्य, व्यायाम, गोळ्या इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाहीत. म्हणून अशी लक्षणं असतील आणि दिवसाच्या कुठल्याही वेळेची शुगर २०० किंवा जास्त असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. उलट्या होत असतील तर त्याच तासाला. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या शुगरची सरासरी दाखवणारी तपासणी) फारसा वाढलेला नाही म्हणून निश्चिंत होऊ नका; मुलांमध्ये आजार झपाट्याने आला की हा आकडा मागे राहतो.

आपला डोस मुलाला

इन्सुलिनवर असलेल्या आईबाबांची ही खास चूक. दिवसाला ४५ युनिट घेणाऱ्याची शुगर १ युनिटने साधारण ४० ने उतरते. दिवसाला ९ युनिट घेणाऱ्या लहानग्याची तेवढ्यानेच २०० च्या आसपास उतरू शकते. म्हणजे तुमचं 'दोनच युनिट' त्याला कुठे नेईल, हिशोब करा. मुलाचे आकडे डॉक्टरांकडून वेगळे लिहून घ्या.

त्यात अधीर माणसं भर घालतात. डोस दिला, अर्ध्या तासाने तपासलं, उतरली नाही म्हणून आणखी दिला. जलद इन्सुलिन तीन-चार तास काम करत असतं. आधीचं संपलेलं नसताना नवं दिलं की मध्यरात्री शुगर लो होते. माझा आग्रह असतो की फ्रिजवर कागद लावा, त्यावर वेळ आणि युनिट लिहा, आणि तो वाचल्याशिवाय इन्सुलिनच्या पेनला हात लावू नका. अ‍ॅपही चालतं, पण कागद घरातल्या सगळ्यांना दिसतो.

बाकीच्या, थोडक्यात

बोट टोचण्याआधी हात धुवा. फळाचा रस बोटाला असला तरी आकडा फुगतो.

शुगर ७० च्या खाली गेली तर चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे उशीर होतो. ग्लुकोज द्या: मोठ्याला १५ ग्रॅम, २० किलोच्या मुलाला ६ ग्रॅमच्या आसपास. १५ मिनिटांनी परत तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. ग्लुकागॉन (शुगर चढवणारं औषध) असेल तर द्या आणि मदत बोलवा.

ताप आला, मूल खात नाही, म्हणून लाँग अ‍ॅक्टिंग इन्सुलिन बंद करू नका. डोस किती ते डॉक्टरांना विचारा आणि केटोन तपासा.

सुरुवातीच्या उपचारानंतर काही आठवडे-महिने इन्सुलिन फारच कमी लागतं. त्याला हनीमून म्हणतात, आजार बरा झाला म्हणत नाहीत. याच काळात कुणीतरी काढा घेऊन येतं.

रोज एकाच जागी टोचलं की गाठ होते आणि तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही.

इन्सुलिनची बाटली ४० ची (एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट) आणि सिरिंज १०० ची, किंवा उलट, हे कधीही चालणार नाही. दोन्हींवरचा आकडा जुळवून बघा.

'माझ्यामुळे झालं' हे मुलासमोर बोलू नका. वडिलांना टाइप १ असेल तरी मुलाला तो होण्याची शक्यता १०० मध्ये साधारण ६, आईला असेल तर आणखी कमी. टाइप १ झालेल्या बहुतेक मुलांच्या घरात आधी कुणालाच तो नसतो.

मात्र आजोबा, तुम्ही आणि मूल अशा लागोपाठच्या पिढ्यांत तरुणपणीच मधुमेह आला असेल, तर डॉक्टरांना अँटिबॉडी (टाइप १ मधला प्रतिकारशक्तीचा हल्ला दाखवणारी) आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते दाखवणारी) तपासणीबद्दल आवर्जून विचारा. एकाच जनुकातल्या दोषामुळे होणारा मोडी नावाचा प्रकार असतो, त्यातल्या काहींना इन्सुलिनऐवजी गोळी पुरते. हे ठरेपर्यंत चालू इन्सुलिन स्वतःहून थांबवायचं नाही.

आणि धाकट्या भावंडाचं बोट रोज टोचत बसू नका. त्याच्यासाठीही अँटिबॉडी तपासणी असते. करायची का, ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.