एकाच नावाची पाच माणसं: आयरिश वंशावळीतला गुंता कसा सोडवावा

आयर्लंडच्या कॉर्क काउंटीच्या पश्चिम भागातल्या एखाद्या पॅरिशची (एका चर्चच्या हद्दीतल्या गावांची) १८६० च्या दशकातली बाप्तिस्म्याची वही उघडा. जेरेमाया सलिव्हन, डॅनिएल सलिव्हन, मेरी सलिव्हन ही नावं पानोपानी भेटतील. टिपररी काउंटीत तीच गत रायन आडनावाची. पणजोबांचं नाव सापडलं म्हणून माणूस हरखतो आणि ती नोंद थेट वंशवृक्षात चिकटवतो. आयरिश वंशावळींमधल्या बहुतेक चुका इथेच जन्माला येतात आणि मग एकाच्या वृक्षातून दुसऱ्याच्या वृक्षात उतरत राहतात.

या गर्दीमागे एक रीत आहे. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं. आजोबांना चार मुलगे असले की त्या चौघांच्या थोरल्या मुलांची नावं एकच, आडनाव एकच, गाव एकच आणि वयात फार तर पाच-सात वर्षांचं अंतर. भरीत भर म्हणजे मूल दगावलं की पुढच्या बाळाला पुष्कळदा तेच नाव द्यायचे. म्हणून नाव जुळणं हा पुरावा धरायचा नाही. तिथून फक्त शोध सुरू होतो.

आजपासून मागे या

सुरुवात नेहमी ज्याच्याबद्दल खात्री आहे अशा माणसापासून करा आणि एकेक पिढी मागे सरका. प्रत्येक नोंदीसाठी वेगळा कागद ठेवा: तारीख, ठिकाण, वडिलांचा व्यवसाय, आईचं माहेरचं आडनाव, साक्षीदार, खबर देणारा कोण. ती नोंद आपल्या माणसाची आहे हे ठरवायची घाई करू नका. कुणाचीच नाही अशा नोंदींचा एक गठ्ठा सुरुवातीला साचतो, तो साचू द्या.

कुठल्या काळासाठी काय मिळतं, हे थोडक्यात. कॅथलिक सोडून इतरांच्या विवाहांची सरकारी नोंदणी १ एप्रिल १८४५ पासून, तर सगळ्यांचे जन्म, विवाह आणि मृत्यू १ जानेवारी १८६४ पासून नोंदले गेले. त्याआधीच्या काळासाठी चर्चच्या वह्यांवर भिस्त ठेवावी लागते. कॅथलिक वह्यांची १८८० च्या आसपासपर्यंतची छायाचित्रं आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ पासून विनामूल्य खुली केली आहेत. संपूर्ण देशाची १९०१ आणि १९११ ची जनगणना राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मोफत बघता येते. १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे बहुतेक कागद ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातल्या आगीत गेले. १८६१ ते १८९१ चे तर सरकारनेच आधी नष्ट केले होते.

नावाआधी टाउनलँड पक्का करा

टाउनलँड म्हणजे जमिनीची सगळ्यात लहान विभागणी. कधी तिथे दहा-बारा घरं असतात, कधी एकही नसतं. देशभरात असे साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत. ‘काउंटी कॉर्कचा जॉन सलिव्हन’ शोधून हाती काही लागत नाही, पण अमुक टाउनलँडचा जॉन म्हटलं की उमेदवार दोन-तीनच उरतात. मुलांच्या जन्मनोंदी, जनगणनेचा तक्ता, मृत्यूची नोंद, थडग्यावरचा मजकूर यांतून हे नाव मिळवा. स्पेलिंगवर अडून बसू नका. कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलं.

टाउनलँड मिळाला की ग्रिफिथचं मूल्यांकन बघा. १८४७ ते १८६४ मध्ये झालेल्या या पाहणीत कुठली जमीन कुणाच्या ताब्यात होती, हे नकाशासह दिलेलं आहे. एकाच टाउनलँडमध्ये एकाच नावाचे दोन ताबेदार असले तर पाहणी करणाऱ्यांनाही ते वेगळे दाखवावे लागले. म्हणून नावापुढे कंसात बापाचं नाव, ‘थोरला’ किंवा ‘धाकटा’, नाहीतर घराण्याचं टोपणनाव येतं. टिपररीतल्या रायन घराण्यांची अशी टोपणनावं सरकारी कागदांतही उतरली आहेत. असं टोपणनाव दिसलं तर ते जपून ठेवा, पुढच्या पिढ्यांत ते पुन्हा भेटेल.

ग्रिफिथनंतर मूल्यांकन खात्याच्या दुरुस्ती-वह्या येतात आणि माझ्या मते हे आयर्लंडमधलं सगळ्यात दुर्लक्षित साधन आहे. ताबेदार बदलला की जुनं नाव खोडून वर नवं लिहायचे, शेजारी वर्ष टाकायचे आणि दुरुस्तीगणिक शाईचा रंग बदलायचे. जॉन खोडून त्या जागी मायकेल आला आणि साधारण त्याच सुमारास जॉनच्या मृत्यूची नोंद मिळाली, की बाप-लेकाचं नातं बऱ्यापैकी पक्कं होतं. उत्तर आयर्लंडच्या वह्या तिथल्या अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर बघता येतात.

एकच माणूस, अनेक नावं

आता उलटा घोळ. पाद्री लॅटिनमध्ये लिहायचा, म्हणून जेम्सचा याकोबुस आणि विल्यमचा गुलिएल्मुस झाला. जेरेमाया, डार्बी आणि डर्मट ही एकाच माणसाची नावं असू शकतात, तसंच टाइग, टिमोथी आणि थॅडियस. ब्रिजेट अमेरिकेत जाऊन डिलिया होते, होनोराची नोरा होते. कॉर्क-केरीतली गोबनेट इंग्रजी कागदावर ॲबिगेल किंवा डेबोरा म्हणून येते. आडनावातले ‘ओ’ आणि ‘मॅक’ कधी गळतात, कधी परत येतात. कॅव्हनमध्ये एकाच मूळ आडनावाचं कुणी स्मिथ केलं, कुणी मॅकगोवन.

वयावरही विसंबू नका. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी वृद्धांचं पेन्शन १ जानेवारी १९०९ ला सुरू झालं. १८६४ च्या आधी जन्मलेल्यांकडे जन्माचा सरकारी दाखला नव्हताच. परिणामी १९०१ साली अठ्ठावन्न वर्षांचा असलेला गृहस्थ १९११ साली बहात्तरचा झालेला दिसतो. तो दुसराच माणूस असेल असं समजून त्याला टाकून देऊ नका. उलट याच पेन्शनने संशोधकांवर उपकार केले आहेत. अर्जदाराचं वय पडताळायला १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत शोध घेतला जायचा आणि त्या शोधाच्या अर्जावर आईवडिलांची नावं, टाउनलँड हे सगळं लिहिलेलं असे. मूळ जनगणना जळाली, हे अर्ज राहिले.

जन्मतारखेचंही तसंच. मुदतीनंतर नोंदणी केली तर दंड होता, म्हणून काही पालक तारीख पुढची सांगायचे. बाप्तिस्मा जन्माच्या आधी झालेला दिसला तर पाद्र्याची तारीख खरी धरा.

भोवतालची माणसं वाचा

बाप्तिस्म्याच्या नोंदीत धर्ममाता-धर्मपित्याची नावं असतात. ही माणसं बहुधा काका, मावशी, आत्या किंवा सख्खे शेजारी. एका जोडप्याच्या सगळ्या मुलांचे धर्मपालक एका खाली एक लिहा, मग त्याच नावाच्या दुसऱ्या जोडप्याचे लिहा. दोन वेगळी वर्तुळं डोळ्यांसमोर उभी राहतात आणि गठ्ठ्यातल्या बेवारस नोंदी आपोआप एका बाजूला जाऊन बसतात.

लग्नाच्या नोंदीत कधीकधी रक्तनात्यातल्या विवाहाला दिलेल्या परवानगीची लॅटिन टीप असते. ‘तिसरी श्रेणी’ लिहिलं असेल तर वधूवरांचे पणजोबा-पणजी समान आहेत. एवढ्या एका टिपेवरून दोन पिढ्या मागचं नातं कळतं.

सह्या जुळवताना मात्र सावध राहा. ऑनलाइन दिसणारी सरकारी नोंद बहुतेक वेळा डब्लिनला पाठवलेली नक्कल असते, त्यामुळे त्यावरच्या सगळ्या सह्या कारकुनाच्या हातच्या. १९०१ आणि १९११ च्या घरोघरच्या तक्त्यावर कुटुंबप्रमुखाची स्वतःची सही बघायला मिळते, नाहीतर निरक्षराची फुली.

प्रतिस्पर्ध्यांचा शेवटपर्यंत पाठलाग करा

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण निकाल लावते तीच. समजा, त्या पॅरिशमध्ये दहा वर्षांत पाच डॅनिएल सलिव्हनांचा बाप्तिस्मा झाला. पाचांचाही मागोवा घ्या. एकाचा दुसऱ्या वर्षी मृत्यू झाला, तो बाद. एकाचं लग्न शेजारच्या टाउनलँडमध्ये झालं आणि १९११ मध्ये तो तिथेच आहे, तोही बाद. एकाच्या पाठीवर चार वर्षांनी पुन्हा डॅनिएल जन्मला, म्हणजे पहिला बहुधा गेला. त्याची मृत्युनोंद शोधा. उरलेल्या दोघांतला तुमचा कोण, हे मग धर्मपालक आणि जमीन सांगतात. ‘हाच आपला’ हे सिद्ध करण्यापेक्षा ‘बाकीचे का नाहीत’ हे दाखवणं जास्त भक्कम असतं.

जो कुठेच मरत नाही, तो देशाबाहेर गेलेला असू शकतो. अमेरिका, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया तर आहेतच, पण सैन्यही तपासा. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत आयरिश तरुण मोठ्या संख्येने होते. मुंबई इलाख्यातले ख्रिस्ती बाप्तिस्मे, विवाह आणि दफनं यांच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आयर्लंडमध्ये हरवलेला मुलगा पुण्यात किंवा कुलाब्यात नवरदेव म्हणून सापडू शकतो. भरती होताना खोटं नाव सांगणारेही होते, तेव्हा त्याचं मूळ गाव आणि बापाचं नाव जुळतं का ते बघा.

जन्मदात्यांबद्दल शंका आली तर

काही खुणा ठरलेल्या आहेत. आईचं वय सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस, आधीच्या मुलानंतर आठ-नऊ वर्षांचा खंड, आणि घरात वीस वर्षांची अविवाहित थोरली लेक. जन्मनोंदीत वडिलांचा रकाना मोकळा. १९११ च्या तक्त्यात विवाहित स्त्रीला किती मुलं झाली आणि किती हयात आहेत हे विचारलं होतं; तो आकडा आणि मिळालेल्या जन्मनोंदी जमत नाहीत. मुलाच्या लग्नाच्या नोंदीत बापाच्या जागी आजोबांचं नाव. यातली एक खूण पुरेशी नाही, दोन-तीन एकत्र आल्या तर पुढे शोधा.

कायदेशीर दत्तकविधान आयर्लंडमध्ये १९५३ पासून आहे. त्याआधी मुलं आजी, मावशी किंवा शेजारी यांच्याकडे कागदाविना वाढली आणि त्यानंतरही काही मुलांची नोंदणी सांभाळणाऱ्यांच्याच नावावर बेकायदा झाली. अशा व्यक्तींना स्वतःच्या जन्माची माहिती मिळवण्याचा हक्क २०२२ च्या कायद्याने दिला आहे. तुम्ही अशांपैकी असाल तर आधी टुस्ला ही बालकल्याण संस्था किंवा दत्तक प्राधिकरण यांच्याकडे अर्ज करा.

डीएनए चाचणीने खूप काही कळतं, पण कुणाची करायची हे आधी ठरवा. समजा, नोरा ही ब्रिजेटची धाकटी लेक म्हणून वाढली, पण ती थोरल्या केटची असावी अशी शंका आहे. नोराची नात आणि केटच्या पुढच्या लग्नातून झालेली नात यांची तुलना करावी असं कुणालाही वाटेल. त्याचा उपयोग नाही. नोरा केटची बहीण असो वा मुलगी, या दोन नातींमध्ये सरासरी सव्वादोनशे सेंटिमॉर्गनच्या (सामायिक डीएनए मोजायचं एकक) आसपासच जुळणी येते. त्याऐवजी त्यांच्या भावाची, टॉमची, नात घ्या. नोरा टॉमची बहीण असेल तर सरासरी साधारण २३०, भाची असेल तर साधारण १२०. तरीही प्रत्यक्षातले आकडे सरासरीच्या खूप वर-खाली जातात, म्हणून टॉमची शक्य तितकी नातवंडं तपासा. शिवाय नोराच्या नातवंडांच्या यादीत ब्रिजेटशी किंवा तिच्या नवऱ्याशी कुठूनच न जोडले जाणारे, पण आपसात नातं असलेले लोक दिसतात का ते पाहा. तो गट नोराच्या खऱ्या बापाचा असू शकतो. आधी मात्र नोराच्या नवऱ्याचं आणि सुना-जावयांचं घराणं वगळून घ्या.

पश्चिम किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या आसपासच्याच घरांत लग्नं झाली. तिथे एकाच माणसाशी दोन-तीन बाजूंनी नातं निघतं आणि आकडा फुगतो. वडिलांकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी आडनावाची शंका सोडवायला चांगली, पण वायव्य आयर्लंडमध्ये एम२२२ हा वाय गुणसूत्राचा गट इतका पसरलेला आहे की तेवढ्यावरून नातं सिद्ध होत नाही.

लिहून ठेवताना आणि सांगताना

वंशवृक्षात जन्म देणारे, कागदावरचे आणि वाढवणारे आईवडील असे तीन रकाने ठेवा. वाढवणाऱ्यांना पुसून टाकू नका, त्या मुलाचं आयुष्य त्यांच्या हातात घडलं. प्रत्येक नात्यापुढे ‘सिद्ध’, ‘संभाव्य’ किंवा ‘अनिर्णित’ असं लिहा आणि कारण दोन ओळींत नोंदवा. हयात माणसांची नावं सार्वजनिक वृक्षात देऊ नका आणि डीएनए चाचणी मागताना अनपेक्षित निकाल येऊ शकतो हे आधीच सांगा. डीएनए यादीतल्या अनोळखी नातेवाइकाला पहिलं पत्र लिहाल तेव्हा निष्कर्ष सांगू नका. आपली जुळणी किती आहे, आपल्या घराण्यातली आडनावं आणि टाउनलँड कोणते, एवढंच कळवा आणि त्यांच्याकडे काय माहिती आहे ते विचारा. उत्तर आलं नाही तर काही महिने थांबा आणि तोवर कागद तपासत राहा.