ओहोळाकाठची जमीन राखायला घेण्यापूर्वीची तयारी

इंदूरच्या पश्चिमेला गंभीर नदीकडे वाहणाऱ्या एका ओहोळाच्या काठची सुमारे ०.८ हेक्टर चरनोईची (गावाच्या गुरांना चरण्यासाठी ठेवलेली) जमीन राखावी, तेथील गवत वाचवावे आणि वसाहतीतील मुलांना दर रविवारी तेथे नेऊन पावसाची, मातीची व पाखरांची ओळख करून द्यावी, असे आम्ही तीसेक मराठी कुटुंबांनी गेल्या वर्षी ठरवले. पहिला पाऊस पडताच आम्ही रोपे लावली आणि त्यानंतर आठच दिवसांत त्यांपैकी दोन ओळींतील ९० रोपे शेजारच्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरखाली गेली. दोष त्याचा नव्हता, कारण ती पट्टी त्याचीच होती. त्याने मे महिन्यात आपल्या शेताचे सीमांकन, म्हणजे सरकारी मोजणीने हद्द ठरवणे, करून घेतले होते आणि त्याची नोटीस पंचायतीत येऊन पडली होती, परंतु आम्हांपैकी एकानेही तिची विचारपूस केली नाही. आम्ही सीमांकन केले नव्हते. आता आणखी दोन वसाहतींनी असेच काम हाती घेण्याचे ठरवून आमच्याकडे तयारीची यादी मागितली आहे, म्हणून हे लिहीत आहे.

टोप्या, पाण्याच्या बाटल्या, प्रथमोपचाराची पेटी, पालकांची संमतिपत्रे आणि वाहनांची सोय या गोष्टी सांगाव्या लागू नयेत.

पहिले काम कागदांचे. पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांना सातबारा आणि तलाठी हे शब्द ठाऊक असतात. आपल्याकडे खसरा (जमिनीची क्रमांकवार नोंद), बी-१ (खातेदाराचा उतारा), नक्शा (गावाचा जमीन-नकाशा) आणि पटवारी (आपला तलाठी) यांच्याशी गाठ असते. खसऱ्याची व नक्शाची प्रत राज्याच्या भूअभिलेख संकेतस्थळावर मिळते, तेव्हा ती आधी काढावी आणि त्या सर्वेक्षण क्रमांकापुढे जमिनीची नोंद नेमकी कोणत्या कामासाठी आहे ते वाचावे. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ मधील कलम २३७ नुसार जिल्हाधिकारी चराई, इंधन, स्मशान अशा गावाच्या सामायिक गरजांसाठी जमीन राखून ठेवू शकतात आणि चरनोई ही त्यांतलीच एक. अशी जमीन पंचायतीच्या ताब्यात दिसली तरी तिच्यावरचा चराईचा हक्क गावाचा असतो, आणि शहरातून मोटारीने आलेल्या मंडळींनी सरपंचांशी चहा घेतला एवढ्यावरून तो हक्क संपत नाही. गावांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यासाठी सर्व राज्यांनी योजना आखाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले. सद्भावनेने लावलेल्या झाडांची कुंपणबंद बागही गावाच्या दृष्टीने अतिक्रमणच ठरू शकते, हे आपण विसरू नये. म्हणून ग्रामसभेचा लेखी ठराव घ्यावा आणि त्यात कोणता भाग किती वर्षे गुरांसाठी बंद राहील, कार्तिकात तेथील गवत कोण कापून नेईल आणि गुरांना ओहोळावर जाण्यासाठी वाट कोठून सोडली जाईल, या तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात.

आता सीमांकन. नक्शाची प्रत हातात असणे म्हणजे सीमांकन नव्हे. आमच्याकडे नक्शा होता, त्याला प्लास्टिकचे आवरणही घातले होते, आणि त्यावर बोट ठेवून एका सद्गृहस्थांनी मोठ्या आत्मविश्वासाने ‘तो पाहा बांध, तीच हद्द’ असे सांगितले होते. बांध ही हद्द नसते. बांध कोरणे हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत उगाच आलेला नाही. दर हंगामात नांगराचा एक तास (नांगरटीची रेघ) अलीकडे किंवा पलीकडे सरकतो, आणि माळव्याची काळी माती पावसात फुगून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडत असल्यामुळे पुरलेले दगडही कलतात व खाली जातात. मोबाइलमधल्या उपग्रहचित्रावर नक्शा पसरून हद्द ठरवणाऱ्यांना तर हात जोडावेत, कारण मोबाइलचे स्थान सहज चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवते आणि आपण तीन मीटरवर एक ओळ लावत असतो. आमच्या गेलेल्या पट्टीची रुंदी अवघी सहा मीटर होती.

सीमांकनासाठी संहितेच्या कलम १२९ खाली तहसीलीत अर्ज करावा लागतो. जमीन पंचायतीकडे असेल तर अर्ज पंचायतीच्या नावाने जातो, आपल्या मंडळाच्या नव्हे, म्हणून ग्रामसभेच्या ठरावातच त्याचा उल्लेख करून घ्यावा. लगतच्या सर्व खातेदारांना नोटीस जाते, राजस्व निरीक्षक व पटवारी येतात, चांद्याच्या दगडापासून (मोजणीसाठी पुरलेल्या पक्क्या खुणेच्या दगडापासून) माप धरले जाते आणि शेवटी पंचनामा होतो. त्या दिवशी शेजारचे शेतकरी स्वतः हजर असावेत यासाठी आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन सांगावे. नोटीस मिळणे आणि माणूस येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेळेचे भान तर सर्वांत महत्त्वाचे आहे. गहू-हरभरा निघाल्यावर शेते मोकळी होतात, तेव्हापासून मेअखेरपर्यंतच हे काम नीट होते. एकदा पाऊस पडला की काळ्या मातीत पाय रुततो, सोयाबीन उभे राहते आणि उभ्या पिकातून मोजणीची साखळी ओढू द्यायला कोणीही राजी नसतो. म्हणजे अर्ज फाल्गुनातच गेलेला असावा. ज्यांना वैशाखात आठवण होईल त्यांनी त्या वर्षी एकही रोप लावू नये. केवळ मुलांना घेऊन जावे, पाहावे आणि परत यावे.

सीमा ठरली की त्याच दिवशी प्रत्येक कोपऱ्यावर आणि लांब बाजूंना मध्ये-मध्ये दगड पुरून त्यांना चुना लावावा व त्यांना क्रमांक द्यावेत. यंदा आमचे असे बारा दगड आहेत. त्यानंतरच्या रविवारी मुले, शेजारचे शेतकरी, गुराखी आणि वसाहतीतील आजी-आजोबा या सर्वांची दगडापासून दगडापर्यंत एक फेरी काढावी. ही कल्पना पोरकट वाटेल त्यांनी पॅट्रिक गेडिस यांची आठवण काढावी. १९१८ मध्ये इंदूरचा नगररचना अहवाल देणाऱ्या या गृहस्थांनी प्लेगच्या दिवसांत दिवाळीची मिरवणूक साफसफाई उत्तम झालेल्या रस्त्यांवरून नेण्याचे जाहीर केले आणि शहर झाडून निघाले. फेरीत चाललेला माणूस हद्द विसरत नाही, आणि पुढे वाद झालाच तर कागदाइतकाच साक्षीदारही उपयोगी पडतो.

यानंतर जमीन पाहण्याचे काम येते आणि त्याला किमान एक पूर्ण उन्हाळा द्यावा. १४ जुलै २०२४ रोजी इंदुरात चोवीस तासांत बारा लाखांहून अधिक रोपे लावण्याचा विक्रम झाला, तेव्हापासून राखणे म्हणजे खड्डे खणणे अशी समजूत अधिकच पक्की झालेली दिसते. उघडी दिसणारी प्रत्येक जमीन ओसाड नसते. तणमोर, ज्याला येथे खरमोर म्हणतात, त्याच्यासाठी १९८३ मध्ये सैलाना आणि सरदारपूर ही अभयारण्ये झाली, ती गवतासाठी झाली, झाडांसाठी नव्हे. आपल्या तुकड्यावर खरमोर येण्याची आशा कोणी धरू नये, परंतु मारवेल आणि कुसळी ही गवते किती आहेत, पळसाचे (गावातील लोक त्याला खाखरा म्हणतात) जुने बुंधे किती आहेत व त्यांना फूट येते का, हे मोजल्याशिवाय कुदळ उचलू नये. चराई आणि आग थांबली की अशा बुंध्यांतून वर येणारी झाडे आपण विकत आणलेल्या रोपांपेक्षा भक्कम असतात, त्यांना पाणी घालावे लागत नाही आणि त्यांचा खर्च शून्य असतो. गवताने धरलेला कार्बन मुख्यतः मुळांत व मातीत असतो. जमीन नांगरली किंवा खड्ड्यांनी चाळण केली की त्यातला बराचसा हवेत जातो. हवामानासाठी काही करायचे असेल तर आहे ते न मोडणे हे पहिले काम आहे, आणि त्याचे छायाचित्र चांगले येत नाही म्हणून ते कोणी करत नाही. टिटवी उन्हाळ्यात उघड्या जमिनीवरच अंडी घालते, तेव्हा चैत्रापासून पावले जपून टाकावीत.

हे पाहणे एकट्याने करू नये. गावातल्या ज्या म्हाताऱ्यांनी त्या काठावर आयुष्यभर गुरे चारली आहेत, त्यांच्याबरोबर मुलांना बसवावे आणि झाडागवताची माळवी नावे, ओहोळ पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत वाहत असे, पूर कोठवर चढत असे, हे लिहून घ्यावे. जैविक विविधता अधिनियम, २००२ खाली प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. मुलांच्या नोंदी त्या नोंदवहीत गेल्या तर शाळेच्या प्रकल्पाच्या फायलीपेक्षा त्या जास्त टिकतील.

मुलांसाठी साहित्य थोडके आणि घरातलेच असावे. दोन्ही तोंडे कापलेला पत्र्याचा डबा गवतात, नांगरलेल्या शेतात आणि वसाहतीच्या पार्किंगच्या कडेला बोटभर ठोकून त्यात लिटरभर पाणी ओतावे आणि ते मुरायला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजावा. पाझर म्हणजे काय यावर तासभर दिलेले व्याख्यान त्यापुढे फिके पडते. सरळ बाजूंची बाटली व पट्टी यांचे पर्जन्यमापक करावे. एका हेक्टरवर १० मिलिमीटर पाऊस पडला तर एक लाख लिटर पाणी होते, म्हणजे आपल्या ०.८ हेक्टरवर ८०,००० लिटर. हा गुणाकार मुलांनीच करावा, मोठ्यांनी फळ्यावर करून दाखवू नये. मग त्यांना सांगावे की आपल्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी नदीकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतरावरून, घाट चढवून, विजेच्या बळावर येते, आणि या ओहोळाचे पाणी मात्र आपल्या पायांनी गंभीर नदीत व तेथून यशवंत सागरात जाते. यशवंत सागर आणि सिरपूर ही तळी २०२२ मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) आली, २०२५ मध्ये इंदूरला पाणथळ शहर म्हणून मान्यताही मिळाली. परंतु तळ्यात काय येते हे वरचे ओहोळ ठरवतात आणि ओहोळांना कोणी प्रमाणपत्र देत नाही. मोठ्या मुलांना एखाद्या रविवारी जानापावच्या डोंगरावर न्यावे. एका अंगाचे पाणी चंबळेतून यमुनेकडे, दुसऱ्या अंगाचे नर्मदेकडे जाते, ही गोष्ट नकाशापेक्षा तेथे उभे राहून लवकर समजते.

रोपे खरोखरच लावायची असतील तर थोडी, स्थानिक आणि ओहोळाच्या बाजूला लावावीत. सुबाभूळ व निलगिरी आणू नयेत, भेट म्हणून मिळाली तरी. खड्डे मे महिन्यात खणून भेगा बुजवून ठेवावेत. लावणीच्या सकाळी पिशवीत सर्वप्रथम पंचनाम्याची प्रत आणि दगडांच्या क्रमांकांचा कागद असावा. कुदळी राहिल्या तर गावातून मागता येतात, पंचनामा मागता येत नाही. पहिला खड्डा भरण्यापूर्वी दोन मोठ्यांनी बाराही दगड चालून पाहावेत आणि हद्दीपासून आत तीन मीटरपर्यंत काहीच लावू नये, म्हणजे ट्रॅक्टर वळवायला शेजाऱ्याला जागा राहते आणि त्याच्याशी बोलणे गोडीचे राहते. गेल्या वर्षी नांगरलेल्या पट्टीपाशी उभ्या असलेल्या आमच्याकडच्या एका मुलीने, ‘काका, मग आपण दुसऱ्याच्या शेतात का लावली?’ असे विचारले होते, आणि आम्हा मोठ्यांपैकी एकालाही उत्तर सुचले नव्हते.

पावसाळ्यात दर पंधरवड्याला कोण जाणार याची पाळी लिहून ठेवावी. गाजर गवत फुलण्याआधी उपटून खताच्या ढिगात घालावे. इंदूर पद्धतीचे कंपोस्ट अल्बर्ट हॉवर्ड यांनी याच शहरातल्या संशोधन संस्थेत घडवले, तेव्हा ढीग कसा रचावा हे शिकायला आपल्याला लांब जायला नको. कार्तिकात गवत ठरल्याप्रमाणे गावाला कापू द्यावे. गव्हाच्या कापणीनंतर नरवाई (शेतात उरलेले खुंट) पेटवतात आणि ती आग वाऱ्याबरोबर सुकल्या गवतात येते, म्हणून मार्चअखेरपर्यंत चारही बाजूंनी जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी गवत नसलेली पट्टी, साफ करावी. हिशेब, आभारपत्रे, छायाचित्रे ज्याची त्याने पाहावीत.

पौषात एकदा आणि मृगापूर्वी एकदा दगड पुन्हा मोजून त्यांना चुना लावावा. अकराच भरले तर त्याच दिवशी पंचायतीला व पटवाऱ्यांना कळवावे आणि शेजारच्या शेतकऱ्याला घेऊन तो दगड शोधावा. बहुधा तो मातीत गेलेला असतो, पुढच्या रविवारपर्यंत थांबू नये.